साबणापूर्वीचे घर : महाराष्ट्रातील घरगुती शुद्धिद्रव्यांचा शब्दाधारे मागोवा

१

भांडी, वस्त्रे आणि घरातील भूमी स्वच्छ करण्याची द्रव्ये बाजारातून न आणता घरीच तयार करावीत, ती हातांच्या त्वचेस व गावच्या पाण्यास अपाय करणारी नसावीत, असा विचार अलीकडे पुष्कळ ऐकू येतो. विचार स्वागतार्हच आहे. परंतु त्याच्याबरोबर इतिहासाविषयीचे एक विधानही बहुधा गृहीत धरले जाते : साबण इंग्रजांबरोबर आला, तत्पूर्वी आपली घरे निसर्गातील निरुपद्रवी वस्तूंनी स्वच्छ होत असत, आता फक्त त्या जुन्या मार्गाकडे वळावयाचे आहे. या विधानाचे तीनही भाग तपासून पाहण्यासारखे आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांपैकी पहिला चुकीचा, दुसरा अर्धाच खरा आणि तिसरा, पहिल्या दोहोंची शहानिशा न करता स्वीकारल्यास, काहीसा धोक्याचा आहे.

या विषयाची साधने विरळ आहेत, याचे नवल वाटावयास नको. ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांनी भांडी घासली नाहीत आणि ज्यांनी भांडी घासली त्यांच्या हाती लेखणी नव्हती. राजकीय पत्रव्यवहारात व हिशेबांत मोरीवरच्या कामाला स्थान मिळण्याचे कारण नाही. तथापि ज्या स्त्रियांनी आणि ज्या परिटांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले त्यांची भाषा शिल्लक आहे. शब्द हा साक्षीदार पुष्कळदा मितभाषी असतो, पण तो सहसा खोटे बोलत नाही. म्हणून येथे धर्मशास्त्र व वैद्यक यांतील मोजक्या उल्लेखांच्या जोडीला मराठी शब्दांची साक्ष काढली आहे.

२

प्रथम ग्रंथांकडे वळू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. त्यातील शुद्धी ही आजच्या अर्थाची स्वच्छता नव्हे. स्पर्शास्पर्श, उच्छिष्ट, सुतक यांच्याशी ती निगडित आहे आणि तिच्या पोटी जो सामाजिक अन्याय झाला तो विसरता येत नाही. परंतु विधी सांगताना स्मृतिकाराने जी द्रव्ये नमूद केली ती त्या काळच्या घरात प्रत्यक्ष वापरात असली पाहिजेत, एवढे अनुमान करण्यास हरकत नसावी. मनूच्या मते डाग नसलेले सोन्याचे पात्र केवळ पाण्याने शुद्ध होते. इतर धातूंना व दगडी पात्रांना राख, पाणी आणि माती लागते. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील व शिसे यांच्यासाठी क्षार, आम्ल आणि पाणी यांची यथायोग्य योजना करावी. भूमीसाठी झाडणे, सारवणे, शिंपणे, खरवडणे आणि गाई बसविणे असे पाच उपाय दिले आहेत. वस्त्रांची यादी अधिक बोलकी आहे : रेशमी व लोकरी वस्त्रांना ऊष म्हणजे खारवट माती, बकऱ्याच्या लोकरीच्या कांबळ्याला अरिष्टक म्हणजे रिठा, तलम पट्टवस्त्राला श्रीफल आणि क्षौमाला पांढरी मोहरी. येथील श्रीफल म्हणजे बेलफळ होय. मराठीत श्रीफळ म्हटले की नारळ आठवतो, म्हणून वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही थोड्याफार फरकाने हीच योजना आहे आणि तिच्यावर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, तेव्हा दक्षिणेतील पंडितांना ती परिचित होती, हे उघड आहे.

या यादीचे महत्त्व तिच्या प्राचीनतेत नाही, तिच्यामागील विवेकात आहे. सर्व वस्तूंना सर्व मळांसाठी एकच द्रव्य, ही कल्पना येथे मुळीच नाही. कच्च्या रेशमावरील डिंकासारखे आवरण क्षाराने सुटते आणि मेंढीच्या लोकरीतील स्निग्धता काढण्यास सौम्य क्षारजल अजूनही वापरतात. उलट तयार लोकरीचे वस्त्र रिठ्याच्या जवळजवळ उदासीन फेसात अधिक सुखरूप राहते. पैठणी किंवा पश्मिना शाल रिठ्याच्या पाण्यात धुवावी, असे आजही जाणकार सांगतात. तांब्यावर हिरवट-काळा थर चढतो तो आम्लाने विरघळतो. म्हणून देवघरातील ताम्हण चिंचेने उजळते. स्मृतिकाराला रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण त्याच्या घरातील कोणाला तरी हातांनी ते कळले होते.

३

आता मराठी शब्दांकडे येऊ. मळ काढण्याच्या क्रियेला मराठीत एकच क्रियापद नाही. कपडे धुतात, चोळतात, आपटतात, खळबळतात, पिळतात, भांडी घासतात, विसळतात, उजळतात, भुई सारवतात, देऊळ पाखाळतात. कपबशी ‘घासली’ म्हटले तर एक अर्थ होतो आणि ‘विसळली’ म्हटले तर दुसरा. विसळण्यात पाण्याखेरीज काही लागत नाही, हे मराठी बोलणाऱ्या लहान मुलासही ठाऊक असते. ‘धुणे’ हे तर क्रियापदही आहे आणि धुवावयाच्या कपड्यांचे नावही; ‘धुणे-भांडी’ या जोडशब्दात एका स्त्रीचा अर्धा दिवस सामावलेला असतो.

यांपैकी दोन शब्द भाषाभ्यासकाला विशेष मोलाचे वाटतील. ‘पाखाळणे’ हे संस्कृत ‘प्रक्षालयति’ यापासून आले, यात वाद नाही. ‘विसळणे’ हे ‘विक्षालयति’ याकडे नेण्यास चांगली जागा आहे. मूळ धातू एकच. परंतु ‘क्ष’चा एकीकडे ‘ख’ झाला आणि दुसरीकडे ‘छ’च्या मार्गाने ‘स’. ‘क्षेत्र’चे ‘शेत’, ‘मक्षिका’चे ‘माशी’ आणि ‘छुरिका’ची ‘सुरी’ ज्या प्रवृत्तीने झाली तीच ही प्रवृत्ती होय. दोन्ही रूपे टिकली ती त्यांनी कामे वाटून घेतली म्हणून. पाखाळणे देवळाकडे गेले : पंढरपूरला आषाढी व कार्तिकी यात्रांनंतर जी प्रक्षाळपूजा होते तीत मंदिर धुऊन काढतात आणि देवाच्या श्रमपरिहारासाठी चरणांना लिंबू व साखर चोळतात. विसळणे स्वयंपाकघरात राहिले. एकाच धातूचा एक मुलगा पुजारी झाला आणि दुसरा मोरीवर बसला, असे म्हणावयास हरकत नाही.

नामांची कुळकथाही अशीच आहे. ‘राख’ हा शब्द संस्कृत ‘रक्षा’ यापासून आला. भस्म रक्षण करते या श्रद्धेतून तो अर्थ बनला आणि मग तीच रक्षा भांड्यांवर घासली जाऊ लागली. दातांसाठी तिचीच ‘राखुंडी’ झाली. ‘रिठा’ हा ‘अरिष्टक’चा वंशज. अरिष्ट याचा मूळ अर्थ ‘ज्याला इजा झालेली नाही ते’. पुढे शुभशब्दाने अशुभ झाकण्याच्या प्रथेमुळे त्याच शब्दाला संकट असा उलटा अर्थ आला. आद्य ‘अ’ गळून मराठीत जे उरले ते व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘इजा झालेले’ असे ठरते! अर्थात् लोकांनी झाडाला हाक मारली, व्युत्पत्तीला नव्हे. संस्कृत कोशांत रिठ्याला ‘फेनिल’ असेही नाव आहे. आजच्या फरशीवरील ‘फिनेल’शी त्याचा नादापलीकडे काही संबंध नाही, ते डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांच्या युरोपीय नावावरून आले. विद्यार्थ्यांनी या साम्याला भुलू नये.

‘शिकेकाई’ मात्र दक्षिणेकडून आली आहे. कन्नडमधील ‘सीगेकायि’ हे तिचे जवळचे रूप असून ‘काय्’ म्हणजे फळ किंवा शेंग. तेव्हा न्हाणीघराच्या कोनाड्यात शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंपैकी एकीचे नाव उत्तरेच्या परंपरेतले आणि दुसरीचे द्राविडी. महाराष्ट्र ही दोन परंपरांची सरहद्द आहे हे आपण शिलालेखांवरून शिकवितो. ते शनिवारच्या न्हाण्यावरूनही शिकविता येईल.

‘कळकणे’ या क्रियापदाचाही येथे विचार केला पाहिजे. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकते, म्हणजे धातूचा अंश उतरून विषारी व बेचव होते. संस्कृत ‘कलङ्क’ याचे डाग व गंज हे दोन्ही अर्थ त्यामागे आहेत. आजीने कळकलेले ताक ओतून दिले तेव्हा ती केवळ चवीचा विचार करीत नव्हती. आम्लाने तांबे स्वच्छ होते ते तांबे विरघळते म्हणूनच, आणि हेच आम्ल अन्नात असले तर तांबे पोटात जाते : घासण्याची चिंच आणि कळकलेले ताक ही एकाच नियमाची दोन रूपे होत, आणि ही जाण या एका शब्दात साठविली आहे. पोलादी भांडी आल्यावर शब्द निरुपयोगी झाला. आज पदव्युत्तर वर्गात तो विचारला तर अर्धा वर्ग गप्प बसतो. (कल्हई हा शब्द कथिलाच्या अरबी नावावरून आलेला आहे, क्षारवाचक अरबी ‘कली’शी त्याची गल्लत करू नये.)

४

साबणाचा प्रश्न आता घेता येईल. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला, असे अनेकदा सांगितले जाते आणि पोर्तुगीजात ‘साबांव’ असा शब्द आहेही. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा मागोवा डाल्गादो यांनी १९१३ मध्ये घेतला. तेव्हापासून या प्रश्नाची चर्चा चालू आहे. परंतु ध्वनींची साक्ष निराळी आहे. पोर्तुगीजातील हाच अंत्य सानुनासिक स्वर असलेले शब्द मराठीत आले तेव्हा त्यांचा ‘आव’ झाला : पाव, लिलाव. त्या नियमाने मराठीत ‘साबाव’ व्हावयास हवा होता. तो झाला नाही. उलट अरबी-फारसी ‘साबून’ यापासून ‘साबण’ होणे सरळ आहे. अंत्य ‘न’चा ‘ण’ झाल्याची निशाण, दुर्बीण ही उदाहरणे समोर आहेत. म्हणजे हा शब्द समुद्रमार्गाने नव्हे, दख्खनच्या सुलतानी राजवटींच्या मार्गाने आला, असे मानणे अधिक सयुक्तिक होय. मुळात दोन्ही शब्द लॅटिन ‘सापो’चेच वंशज आहेत, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने या ‘सापो’चा उल्लेख केला तो गॉल लोकांचे केस तांबूस करण्याचे द्रव्य म्हणून, धुण्यासाठी नव्हे.

शब्दाबरोबर वस्तूही आली होती काय? याला उत्तर वऱ्हाडात मिळते. अकबराच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अबुल फझलने आइन-इ-अकबरी सिद्ध केली. तीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे. मेहकर विभागातील या डोंगराळ भागात काच व साबण करण्यास लागणारी द्रव्ये निपजतात आणि शोऱ्याच्या कामापासून सरकारास चांगले उत्पन्न होते, असे तो सांगतो. अशनिपाताने काळ्या खडकात झालेले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. तळ्याच्या पाण्यात सोडियम कार्बोनेट विपुल असून पाणी आटले की काठावर त्याचे थर उरतात. ला टूश व ख्रिस्ती यांनी १९१२ साली या तळ्याचे भूशास्त्र आणि तेथील सोडा यांवर लिहिले. स्थानिक लोकांनी या क्षाराचे जे प्रकार केले त्यांची नावे गॅझेटियरांतून उतरून ठेवलेली आहेत : दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. पापडी म्हणजे पापडासारखा पातळ पापुद्रा आणि भुस्की म्हणजे भुशासारखी भुकटी, हे मराठी वाचकास सांगावयास नको. इतक्या बारकाईने ज्या वस्तूचे प्रकार ओळखले जातात तिचा व्यापार जुना व नियमित असला पाहिजे.

तेव्हा साबण इंग्रजांनी आणला हे म्हणणे टिकत नाही. इंग्रजी अमलापूर्वी किमान दोन शतके त्याची सामग्री खुद्द वऱ्हाडातून बाहेर जात होती. परंतु ती घराघरांत आली नव्हती, हेही तितकेच खरे दिसते. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात साबणाला जागा आहे. मात्र मराठी वाक्‌प्रचारांत तो मुरलेला नाही. स्वच्छतेची उपमा द्यावयाची तर आपण माणसाला ‘धुतल्या तांदळासारखा’ म्हणतो आणि कपड्यांना ‘परीटघडीचे’ म्हणतो. साबणावर उभी असलेली जुनी म्हण प्रस्तुत लेखकास आढळलेली नाही. वस्तू ओळखीची असणे आणि ती घरची असणे यांत हे अंतर आहे.

५

परीटघडीचा उल्लेख आलाच आहे, तर परिटाकडे वळले पाहिजे. गावगाड्याच्या बारा बलुत्यांत परीट होता आणि वर्षाच्या धान्यावर तो गावाचे धुणे धूत असे. कौटिल्याने धोब्यांना लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच वस्त्रे धुण्याची आज्ञा केली असून गिऱ्हाइकाचे वस्त्र विकल्यास, भाड्याने दिल्यास अथवा गहाण ठेवल्यास दंड सांगितला आहे. अमरकोशात त्याला रजक व निर्णेजक अशी नावे आहेत. पहिल्याचा धातू रंगविण्याचा, दुसऱ्याचा धुण्याचा. रंग देणारा आणि मळ काढणारा एकच, कारण दोन्ही कामांचे मर्म क्षार ओळखण्यात होते. परिटाची भट्टी म्हणजे खाराच्या पाण्यात भिजविलेले कपडे वाफेवर शिजविण्याची व्यवस्था. साबण नव्हता, पण क्षार, उष्णता, आपटणे आणि ऊन ही चार साधने होती. आणि त्यांतील शेवटचे सोडले तर कोणतेही सौम्य नव्हते.

क्षार किती उग्र करता येत असे, हे पाहावयाचे तर सुश्रुतसंहितेचे सूत्रस्थान उघडावे. त्याच्या अकराव्या अध्यायात क्षारपाकविधी आहे. विशिष्ट वनस्पतींची राख सहापट पाण्यात कालवून एकवीस वेळा गाळावयाची आणि ते पाणी आटवावयाचे. यापासून मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे तीन क्षार होतात. त्यात भाजलेली चुनखडी व शंख घातले की क्षाराची तीव्रता वाढते आणि सिद्ध क्षार लोखंडी पात्रात ठेवावयाचा असतो. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ साली हिंदू रसायनाच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा दाहक अल्कलीच्या आधुनिक कृतीशी असलेल्या याच्या साम्याकडे त्यांनी लक्ष वेधले. शस्त्रवैद्य या द्रव्याने मांस जाळीत असत. राख निरुपद्रवी आहे असे म्हणणाऱ्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा. चुलीतील कोरडी राख, तिचे निवळलेले पाणी आणि चुना मिसळून उकळलेले तेच पाणी या तीन वेगळ्या वस्तू आहेत. नाव एकच असले तरी तिसरी वस्तू डोळा घालवू शकते.

परिटाच्या व्यवसायातील दुसरे उदाहरण बिब्ब्याचे आहे. कपड्यांवर घरोघरची खूण करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरीत. ती खूण धुऊनही जात नसे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात असलेल्या परकीय सैनिकांना गणवेशावरील अशा खुणांमुळे त्वचारोग झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकांनी नोंदविले. बिब्बा अगदी नैसर्गिक आहे. शेणही नैसर्गिक आहे. सारवलेल्या भुईचा गारवा व गंध ज्यांनी अनुभवला त्यांना त्याचे ममत्व वाटणे स्वाभाविक आहे, पण शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात आणि बाळंतिणीची खोली सारविणाऱ्या घरांनी त्याची किंमत मोजलेली आहे. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) परीट समाजात जन्मले आणि आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावे झाडीत फिरले. त्यांच्या कीर्तनांत जुन्या रीतींबद्दल भाबडे कौतुक नव्हते.

६

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चित्र पालटले. विलायतेत सोडा कारखान्यांत स्वस्त होऊ लागल्याने साबण स्वस्त झाला. सनलाइट साबण १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला, लाइफबॉय १८९५ मध्ये आला आणि मुंबईत गोदरेजांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पतितेलांचा साबण काढला. स्वदेशीच्या चळवळीने साबणाला विरोध केला नाही. तिने देशी साबण मागितला. पुढे वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची (१९३४) परंपरा पुढे नेणाऱ्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेलांपासून साबण करण्याचा उद्योग हाती घेतला. कडुनिंबाच्या तेलाचा साबण त्यांतलाच.

भाषेत झालेला बदल याहून सूक्ष्म आहे. पूर्वी राख, चिंच, रिठा, शिकेकाई, डाळीचे पीठ अशी निरनिराळी नामे होती आणि प्रत्येकाचे कार्य त्या नामातच कळत असे. आता नाम एकच राहिले आणि भेद षष्ठीने दाखविला जाऊ लागला : अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, भांड्यांचा साबण. १९५९ मध्ये सर्फ व १९६९ मध्ये निरमा आल्यावर ‘पावडर’ शब्द रूढ झाला आणि ‘सर्फ’ तर अनेक घरांत सामान्यनामच बनले. कशात काय आहे हे शब्दावरून ओळखण्याची सोय संपली. राख म्हटली की गृहिणीला ती कशाची, कोठली आणि किती कडक हे ठाऊक असे; पुड्यातील भुकटीत काय आहे हे सांगण्याचे काम तिच्या भाषेकडे उरले नाही.

या भुकट्यांचे दुष्परिणाम प्रथम युरोप-अमेरिकेतील नद्यांवर दिसले. आरंभीच्या कृत्रिम प्रक्षालकांचे रेणू शाखायुक्त असल्याने सूक्ष्मजंतूंना ते फोडता येत नसत आणि नद्यांवर फेसाचे ढीग साचत. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, तो १९६४ मध्ये अमलात आला. अमेरिकन कारखानदारांनी १९६५ च्या सुमारास सरळ रेणूंची द्रव्ये स्वीकारली. फॉस्फेटांमुळे तळ्यांत शेवाळ माजते, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. आपल्याकडे आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना अलीकडच्या वर्षांत वारंवार दिसला. त्यात कारखान्यांचे सांडपाणी आणि घरांचे मैलापाणी दोहोंचाही वाटा आहे. ज्या नदीत वारकरी स्नान करतात तिच्यावरचा तो फेस पाहिला म्हणजे ‘फेनिल’ या जुन्या नावाची आठवण होते आणि वाईट वाटते.

७

आता घरी द्रव्ये करू इच्छिणाऱ्यांचा प्रश्न. या लेखाच्या मर्यादेत जेवढे सांगता येते तेवढे सांगतो, कारण इतिहासाचा थोडा उपयोग येथे आहे.

लिंबाचा रस अथवा व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून सर्वगुणसंपन्न द्रव्य करावे, ही सूचना आज सर्वत्र आढळते. मिश्रण फसफसते, त्यामुळे काम होत असल्यासारखे वाटते. वस्तुतः आम्ल व क्षार यांनी एकमेकांना निष्प्रभ केलेले असते आणि उरते ते बहुतांशी खारट पाणी. सुश्रुताने क्षाराने झालेला दाह आम्लाने का शमतो, याची चर्चा त्या अकराव्या अध्यायातच केली आहे. मनूनेही क्षार व आम्ल यांची योजना ‘यथायोग्य’ करावी असे म्हटले, एकत्र करावी असे नव्हे. चिकट तव्याला सोडा, तांब्याला चिंच. दोन्ही हवी असतील तर एकामागून एक, मध्ये पाणी ओतून.

फळांच्या साली, गूळ व पाणी तीन, एक व दहा या प्रमाणात तीन महिने आंबवून केलेले द्रव सध्या लोकप्रिय आहे. ते मुख्यतः सौम्य आम्लच असते आणि त्याच वर्गात ठेवून वापरले तर उपयोगी पडते. परंतु महाराष्ट्रातील असंख्य घरांत शहाबादी किंवा कडाप्पाची फरशी आहे आणि हे दोन्ही दगड चुनखडीचे आहेत. आम्ल त्यांना खाते. जुन्या विधींत भूमीसाठी आम्ल सांगितलेले नाही. तेव्हा भुई मातीची होती हे खरे, पण नियम दगडालाही लागू पडतो.

रिठ्याची टरफले बी काढून कोमट पाण्यात रात्रभर ठेवावीत, सकाळी हाताने कुस्करून गाळावे. लोकर, रेशीम, दागिने आणि हलकी मळकी भांडी यांना ते पाणी चांगले. दोन-तीन दिवसांत ते आंबते, म्हणून थोडेच करावे. डोळ्यांत गेल्यास चांगलीच आग होते. त्यातील सॅपोनिन माशांना विषारी आहे. काही ठिकाणी मासे गुंगविण्यासाठी अशा वनस्पती वापरीत असत. तेव्हा हे पाणीसुद्धा थेट तळ्यात वा ओढ्यात ओतावयाचे नाही. आणि संडासासाठी विकत आणलेले आम्ल व कपड्यांचे क्लोरीनयुक्त विरंजक ही दोन घरात असतील तर ती कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद न्हाणीघरात प्राण घेऊ शकतो. जुन्या मोरीत हा धोका नव्हता, एवढे तिच्या बाजूने निश्चित म्हणता येईल.

श्रमांचा हिशेबही मांडला पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, कोकणात, पितळेची भांडी नारळाच्या काथ्याने व गोवऱ्यांच्या राखेने घासली जात. गोवऱ्यांच्या राखेत वाळूचा अंश पुष्कळ असतो, म्हणून ती घासते चांगली आणि हातही तितकेच घासते. आजीच्या बोटांच्या भेगांत ती राख कायमची बसलेली होती. साबणाची वडी घरात आली तेव्हा घरातल्या पुरुषांनी खर्चाची कुरकुर केली. तिने केली नाही. मात्र मोरीच्या मागच्या अळूकडे जाणाऱ्या पन्हळीचे तोंड ती साबणाच्या दिवशी पोतेऱ्याने बंद करून पाणी दुसऱ्या बाजूस काढून देत असे. राखेचे व चिंचेचे पाणी अळूला चालते, हे वडीचे नाही, असे ती म्हणे.